दुसरा पासपोर्ट म्हणजे पहिला गेला

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. गावात माझ्याबद्दल जे बोललं जातंय ते खोटं आहे. मी आईला फसवून तिच्या सह्या घेतल्या नाहीत. परदेशाच्या हव्यासापायी तिला 'पोर्तुगालची' केलं नाही. एजंटाशी माझी कसली भागीदारीही नव्हती. मी त्याला विचारलं होतं. तोंडी विचारलं आणि लिहूनही विचारलं, "आमचे इंडियन पासपोर्ट राहतील ना?" त्यावर आलेलं उत्तर माझ्या फोनमध्ये अजून आहे. "शंभर टक्के राहतात ताई, टेन्शन घेऊ नका." ज्यांना शंका असेल त्यांनी घरी येऊन वाचावं.

हे लिहिण्यामागे दोन कारणं आहेत. एक म्हणजे मनातली आग. दुसरं म्हणजे, भोर-वेल्ह्याकडची आणि पुण्यातली अशी बरीच घरं मला माहीत आहेत जिथे आई, आजी किंवा सासू गोव्याची आहे. या घरांतली पोरं आता माझ्याकडे चौकशी करू लागली आहेत. त्यांना एजंटाकडून अर्धंच ऐकायला मिळणार. उरलेलं अर्धं मी सांगते.

माझी आई सत्तरीतली. वाळपईजवळच्या एका गावात 1952 साली तिचा जन्म झाला. माझे वडील विंझरचे. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गोव्याच्या खेड्यापाड्यांत मराठी शाळा निघाल्या तेव्हा ते तिकडे मास्तर म्हणून गेले. तिकडेच लग्न जमलं आणि पुढे सगळे गावी परत आले. माझा जन्म विंझरचा. मी नर्स आहे, पुण्यात एका खाजगी रुग्णालयात नोकरी करते. आमच्यातल्या बऱ्याच जणी आयर्लंडला गेल्या. व्हिसा, स्पॉन्सर, वाट पाहणं हे सगळं त्यांनी सोसलेलं मी पाहिलं होतं. त्यामुळे चवथीला आजोळी गेले असताना इंग्लंडात स्विंडनला राहणारा मामेभाऊ म्हणाला, "आत्याचा जन्म एकसष्टच्या आधीचा आहे, तुला व्हिसा कशाला हवा," तेव्हा मी कान टवकारले. यात लोभ कसला? जे कायद्याने मिळतं ते मागितलं.

आणि कायद्याने मिळतं, हे खरंच आहे. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. पण पोर्तुगालने भारताचं तिथलं सार्वभौमत्व मान्य केलं ते 1974 च्या एप्रिलमध्ये त्यांच्याकडे क्रांती होऊन हुकूमशाही गेल्यावर, त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला झालेल्या करारात. एकसष्टच्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना पोर्तुगाल आजही आपले नागरिक म्हणून नोंदवून घेतो. त्यांच्या मुलांना 1981 च्या 37 क्रमांकाच्या कायद्याखाली आई किंवा वडिलांवरून नागरिकत्व मागता येतं. वाट अशी असते. आधी आईचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवायचा, मग तिचं लग्न नोंदवायचं, मग मुलाने अर्ज करायचा. गोव्यात हजारो लोकांनी हे केलं आहे. त्यात बेकायदा काही नाही.

भारताचं म्हणणं मात्र वेगळं आहे. मार्च 1962 मध्ये केंद्र सरकारने गोवा, दमण आणि दीवसाठी नागरिकत्वाचा आदेश काढला. ज्याचा स्वतःचा, आई-वडिलांपैकी कुणाचा किंवा आजी-आजोबांपैकी कुणाचा जन्म 20 डिसेंबर 1961 च्या आधी त्या प्रदेशात झाला, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक धरला गेला. ज्याला जुनं नागरिकत्व ठेवायचं होतं त्याने महिन्याच्या आत लेखी कळवायचं होतं. माझ्या आजोबांनी असं काही कळवलं नाही. म्हणजे माझी आई नऊ वर्षांची असल्यापासून भारतीय आहे, आणि लिस्बनच्या दफ्तराच्या लेखी ती पोर्तुगीजही आहे. दोन देशांचे दोन कायदे एकाच बाईबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. एजंटांचा सगळा धंदा या फटीत चालतो.

आता मुख्य गोष्ट. आपल्या नागरिकत्व कायद्याचं, म्हणजे 1955 च्या कायद्याचं नववं कलम सांगतं की भारतीय माणसाने स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की तो भारताचा नागरिक राहत नाही. त्यासाठी वेगळा आदेश लागत नाही, नोटीस लागत नाही. नागरिकत्व नियमांच्या तिसऱ्या अनुसूचीत तर असं आहे की परदेशाचा पासपोर्ट ज्या तारखेला मिळाला, त्या तारखेआधीच तुम्ही तिथलं नागरिकत्व स्वखुशीने घेतलं होतं याचा तो निर्णायक पुरावा. "मला माहीत नव्हतं", "एजंटाने सांगितलं होतं" याला तिथे जागा नाही. म्हणून 'दुसरा पासपोर्ट' ही वस्तू भारतीय माणसाला मिळतच नाही. जो मिळतो तो पहिल्याच्या जागी मिळतो. पोर्तुगालला दोन नागरिकत्वं चालतात, भारताला चालत नाहीत. एजंट पहिलं वाक्य सांगतो आणि दुसरं गिळतो.

मामेभावाने ज्या एजंटाचा नंबर दिला, त्याचं वागणं सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या भेटीत काय गोड बोलला! आईला वाकून नमस्कार केला, कोकणीत तिच्या माहेरची चौकशी केली, तिच्या वाड्यावरच्या देवळाचं नाव घेतलं. माहेर सोडून जन्म गेलेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल? तिने त्याला आपला माणूस मानलं. त्याच्या ऑफिसच्या भिंतीवर विमानांची चित्रं, लंडनच्या पुलाचं चित्र आणि लाल पासपोर्ट हातात धरून हसणारी कुटुंबं. माझ्या समोर त्याने दोन घरांना सांगितलं की पोर्तुगीज पासपोर्ट आला की सरळ इंग्लंडला उतरा आणि कामाला लागा. ब्रेक्झिटची मुदत 31 डिसेंबर 2020 ला संपल्यापासून युरोपच्या पासपोर्टवर इंग्लंडमध्ये असं राहता येत नाही. आधीपासून राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यासाठी तेव्हा वेगळी योजना होती. हे त्याला माहीत नव्हतं यावर मी विश्वास ठेवणार नाही. मी तिथेच बोलले तर म्हणाला, "ताई, तुमचं आयर्लंडचं आहे ना, तुम्ही तुमचं बघा."

मग कागद सुरू झाले. आईचा जन्मदाखला, ज्याला गोव्यात 'तेओर' म्हणतात, तो पोर्तुगीज भाषेत हाताने लिहिलेला. त्यात तिचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि गावाचं नाव पोर्तुगीज वळणाचं. पोर्तुगीज लिखाणात 'के' हे अक्षर जवळपास नाही, त्यामुळे आपल्या 'क'साठी कधी 'सी' येतो, कधी 'क्यू-यू'. गावांची नावंही तशीच बदललेली, डिचोलीचं बिचोलीम, पेडण्याचं पेर्नेम. इकडे विंझरला आईचं लग्नात नाव बदललेलं. आडनावच नव्हे, पहिलं नावसुद्धा. आपल्याकडे सुनेचं नाव ताटातल्या तांदळात लिहून ठेवतात ना, तसं. त्यामुळे तेओरमध्ये एक मुलगी, आणि माझ्या जन्मदाखल्यावर, रेशनकार्डावर, सातबारावर दुसरीच बाई. लिस्बनच्या अधिकाऱ्याला कसं कळणार की या दोघी एकच?

यावर एजंटाचा उपाय काय? "एक अॅफिडेव्हिट करू, काम होऊन जाईल." स्टँपपेपरवर 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं लिहून नोटरीचा शिक्का. लिस्बनने ते पुरेसं मानलं नाही. मग त्याने मला सुचवलं की लग्नाचा दाखला 'सोयीचा' करून घेऊ, नाव-तारीख जुळेल असा. मी ठाम नकार दिला. त्याच्या समोर नकार दिला, माझा भाऊ साक्षीला होता. गोव्यात बनावट जन्म-लग्नाच्या कागदांची प्रकरणं पोलिसांपर्यंत गेलेली आहेत, आणि तिथे आधी सापडतो तो अर्जदार. एजंटाचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. मग मी स्वतः हिंडून आईचा शाळेचा दाखला, लग्नाची उशिरा केलेली नोंदणी आणि नावबदलाचं राजपत्र अशी साखळी उभी केली. आईच्या जन्माची आणि लग्नाची नोंद लिस्बनला झाली ती या कागदांवर. फी मात्र त्याने पूर्ण घेतली.

आता तो दिवस. एजंटाने एक मोठा लखोटा पाठवला आणि 'आईच्या सह्या घेऊन लगेच परत करा' असा निरोप. विंझरच्या घरी ओट्यावर बसून मी कागद वेगळे करत होते. एक कागद पणजीला आईचं पोर्तुगीज ओळखपत्र काढण्यासाठीचा. तिथे तिचे बोटांचे ठसे द्यायचे होते. "मुलीच्या फाइलला जोर येतो," असं त्याने सांगितलं होतं. दुसरा कागद आईच्या भारतीय पासपोर्टच्या नूतनीकरणाचा, कारण तिचा जुना पासपोर्ट संपला होता आणि ओळखीसाठी चालू पासपोर्ट हवा म्हणे. तो फॉर्म त्यानेच भरून, छापून पाठवला होता. शेवटी स्वयंघोषणा असते. मी कुठलाही कागद वाचल्याशिवाय सही करत नाही, आमच्या कामात ते अंगवळणी पडलेलं असतं. तिथे लिहिलेलं होतं की मी भारताच्या सार्वभौमत्वाशी निष्ठा बाळगते, आणि मी दुसऱ्या कोणत्याही देशाचं नागरिकत्व किंवा प्रवासाचं कागदपत्र स्वखुशीने घेतलेलं नाही.

एका हातात पोर्तुगीज ओळखपत्राचा कागद, दुसऱ्या हातात हा. दोन्हींवर माझ्या आईची सही हवी होती, एकाच दिवशी.

मी त्याला फोन लावला. म्हटलं, या दोन्ही कागदांवर सही केली तर त्यातलं एक खोटं ठरतं. तो हसला. "ताई, ते छापील असतं, सगळे टिक करतात." मी म्हटलं, उद्या पकडलं तर? म्हणाला, "कोण पकडतंय? इंडियाचा पासपोर्ट जपून ठेवायचा, परदेशात पोर्तुगालचा काढायचा, इकडे उतरताना इंडियाचा दाखवायचा. दोन्ही कुणाला एकत्र दाखवायचे नाहीत." म्हणजे 'दोन्ही राहतात' याचा अर्थ 'दोन्ही लपवता येतात' असा होता. इतके महिने मी जे उत्तर खरं मानून चालले, त्याचा अर्थ हा होता! मी आवाज चढवला तेव्हा त्याचाही सूर बदलला. "तुमच्यासारख्या शिकलेल्या लोकांना जास्त त्रास असतो," म्हणाला, आणि फोन ठेवून दिला. माझ्या आईला नमस्कार करणारा हाच माणूस.

पुण्यातल्या वकिलांनी मला पासपोर्ट कायद्याचं, म्हणजे 1967 च्या कायद्याचं बारावं कलम वाचून दाखवलं. पासपोर्टसाठी खोटी माहिती दिली तर दोन वर्षांपर्यंत कैद. आणि जो भारताचा नागरिक राहिलेला नाही त्याने नागरिकत्व लपवून पासपोर्ट मागितला किंवा मिळवला, तर किमान एक वर्ष, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद, आणि 10 हजारांपासून 50 हजारांपर्यंत दंड. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईला हा माणूस या कलमात नेऊन बसवत होता, आणि वर आमच्याकडूनच पैसे घेत होता.

त्या दिवशी एकाही कागदावर सही झाली नाही. आईचं पोर्तुगीज ओळखपत्र काढलं नाही, पासपोर्टही नाही. माझा अर्ज मी पुढे जाऊ दिला नाही. आईच्या नुसत्या जन्म-लग्नाच्या नोंदी लिस्बनला आहेत, त्यांनी काही बिघडतं का, यावर गोव्यात बराच वाद झाला आहे. तिथल्या दोन आमदारांच्या बाबतीत हाच प्रश्न उभा राहिला होता. आमच्या वकिलांचं म्हणणं, पुढचं पाऊल टाकू नका आणि आजवरचं सगळं कागदोपत्री जपून ठेवा. तेच करतो आहोत. पण आई मला अधूनमधून विचारते, "मी आता नक्की कुणाची?" या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ माझ्यावर आणली गेली. मूळ तेओर अजून त्या माणसाकडे आहे. 'उरलेली फी' दिल्याशिवाय देणार नाही म्हणतो. कसली उरलेली?

आणि मामेभाऊ. त्याने स्वतः पोर्तुगीज पासपोर्ट घेतल्यावर भारतीय पासपोर्ट रीतसर जमा केला होता. सरेंडर सर्टिफिकेट घेतलं, ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते कार्ड, काढलं. सगळं त्याला ठाऊक होतं. मी विचारल्यावर म्हणाला, "मला वाटलं तुला माहीत असणार." त्याने नियम पाळून काम केलं याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण आपल्या आत्याच्या घरात नंबर देताना हे एक वाक्य सांगायला किती वेळ लागला असता? परदेशी गेलेल्या माणसांनी इथल्यांना नुसता एजंटाचा नंबर देऊ नये. आपण काय सोडून गेलो, तेही सांगावं.

गावातल्या काही जुन्या मंडळींनी मला ऐकवलं की 1955 साली सेनापती बापट, नानासाहेब गोरे आणि पुण्याचे सत्याग्रही ज्यांच्याविरुद्ध लढायला गोव्यात गेले, त्यांचंच नागरिकत्व मागायला तू निघालीस. मला त्या इतिहासाचा आदर आहे, त्यांच्यापेक्षा कमी नाही. माझी आई त्या राजवटीत जन्मली, हे तिने ठरवलेलं नव्हतं. पोटापाण्यासाठी कायदेशीर वाट शोधणं हा देशद्रोह नव्हे. देशाशी खोटं बोलणं मी नाकारलं, ते मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता ज्यांना तरीही हे करायचं आहे, त्यांच्यासाठी. करा, हक्काचं आहे. पण असं करा.

पहिली गोष्ट. घरात बसून आधी ठरवा की भारताचं नागरिकत्व सोडायचं आहे का. बाकी सगळं नंतर. सोडलं की मत नाही, निवडणुकीला उभं राहता येत नाही, सरकारी नोकरी नाही. ओसीआय कार्ड मिळालं तर राहता येतं, काम करता येतं, पण ते नागरिकत्व नव्हे. शेतीचं तर नीट समजून घ्या. आमच्याकडे सगळा जीव त्यातच असतो. वारशाने आलेली जमीन ठेवता येते, पण ओसीआय झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. बांधाला बांध लागून असलेला तुकडा विकायला निघाला तरी तुमच्या नावावर होणार नाही.

दुसरं. परदेशी पासपोर्ट हातात आला की भारतीय पासपोर्ट ताबडतोब जमा करा आणि सरेंडर सर्टिफिकेट घ्या. एकही प्रवास जुन्या पासपोर्टवर करू नका. नोव्हेंबर 2022 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाचं परिपत्रक आलं, त्यानंतर गोव्यात बऱ्याच जणांचे भारतीय पासपोर्ट जमा करून घेण्याऐवजी रद्द झाले. रद्द झालेल्यांना सरेंडर सर्टिफिकेट मिळालं नाही आणि मग त्यांची ओसीआयची वाट अडली. म्हणजे जन्मभर जिथे राहिलो त्या घरी व्हिसा काढून यायचं. उशीर आणि लपवाछपवी, दोन्ही महागात पडतात.

तिसरं, आणि हे कुठलाही एजंट सांगत नाही. पोर्तुगालच्या कायद्याचं चौदावं कलम बघा. मूल अज्ञान असतानाच आई-वडिलांशी त्याचं नातं कागदावर सिद्ध झालेलं असावं अशी अट तिथे आहे. आपल्याकडे पूर्वी घरी जन्मलेल्या कितीतरी मुलांची नोंद ग्रामपंचायतीत झालीच नाही. नोकरीच्या वेळी उशिरा, वीस-पंचवीस वर्षांनी दाखला काढला. असा दाखला लिस्बनला गेला की प्रश्न येतात. माझी नोंद वेळेवर झाली होती, कारण वडील मास्तर होते. तुमची उशिरा झाली असेल तर पैसे द्यायच्या आधी हे विचारा, आणि पहिलीतल्या प्रवेशाची, जनरल रजिस्टरची नोंद शोधून ठेवा.

नावांची साखळी स्वतः तयार करा. जन्म, शाळा, लग्न, राजपत्र, मुलाचा दाखला. प्रत्येक कागदावर मागच्या कागदाचं नाव दिसलं पाहिजे. आई-वडिलांच्या लग्नाची नोंद नसेल तर आधी ती करा. आमच्याकडे आणखी एक भर. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय. जुन्या दाखल्यावर एक तालुका, नव्यावर दुसरा. परक्या देशातल्या कारकुनाला हे कळायचं कारण नाही, तेव्हा नामांतराचा शासकीय कागद सोबत जोडा.

अपोस्टिल म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. त्याची सरकारी फी कागदामागे 50 रुपये आहे. वर सेवा देणाऱ्या संस्थेचं थोडं, आणि आधी राज्य पातळीवरच्या साक्षांकनाचा खर्च. एजंट यासाठी हजारो लावतात. कशाचे, ते विचारा.

मुखत्यारपत्र पोर्तुगीजमध्ये असतं. त्याचं मराठी किंवा इंग्रजी भाषांतर मिळाल्याशिवाय सही नको. आमच्या पत्रात आईच्या नावाने 'आवश्यक ते सर्व अर्ज' करायची मुभा होती. या चार शब्दांत काय काय बसतं ते मला लखोटा उघडल्यावर कळलं.

नर्सिंगच्या मुलींनो, तुमच्यासाठी वेगळं. युरोपचा पासपोर्ट राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क देतो, नर्स म्हणून नोंदणी देत नाही. आयर्लंडमध्ये तिथल्या नर्सिंग बोर्डाकडे तुमचं भारतातलं शिक्षण तपासून घ्यावंच लागतं, इंग्रजीचा पुरावा लागतो, परीक्षा किंवा सरावाचा काळ लागू शकतो. पासपोर्ट लाल असो की निळा, त्यात फरक पडत नाही. मी आता हीच प्रक्रिया माझ्या भारतीय पासपोर्टवर करते आहे.

बाकी नेहमीचंच. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. पैसे टप्प्याने द्या, पावती घ्या. फोनवर बोललेलं मेसेजवर लिहून मागा. वकिलाला आधी भेटा, नंतर नव्हे. म्हाताऱ्या आई-वडिलांना काय सही करतायत ते त्यांच्या भाषेत समजावून सांगा, आणि त्यांना नको असेल तर विषय तिथेच सोडा.

आणि एजंटाला पहिल्याच भेटीत विचारा, "यातला कुठला पासपोर्ट जाणार, आणि कोणत्या तारखेला?" तो जर म्हणाला की कुठलाच जात नाही, तर उठून या. माझ्या आईचा तेओर परत मिळवण्यासाठी मी नोटीस पाठवते आहे. तुमचा कागद अजून तुमच्या कपाटात असेल तर तो तिथेच ठेवा आणि आधी माझ्याकडे विंझरला या. मी सगळे कागद काढून दाखवेन. पैसे घेणार नाही.